क्लासच्या आधी घरात: लहान मुलांबरोबर गाण्याचा खेळ कसा मांडायचा

दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की दारात उभे असलेले आई-बाबा मला विचारतात, “हिला गाण्याच्या क्लासला कितव्या वर्षी घालू?” दादरला एका बालवर्गात मी मुलांचा गाण्याचा तास घेते, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा झाला आहे. माझं उत्तर असं: क्लासचं सहा-सात वर्षांनंतर बघू, गाणं मात्र आज संध्याकाळपासून घरीच सुरू करा. तीन वर्षांच्या मुलाला सरगम येत नसली तर काही बिघडत नाही. पण ज्या घरात मोठं माणूस कधी गुणगुणतही नाही, तिथल्या मुलाला गाणं हा शिकायचा आणखी एक विषय वाटू लागतो. विषय म्हटला की परीक्षा आली आणि मागोमाग कंटाळाही आला.

पुढे लिहिलं आहे ते स्वतः गाणं न शिकलेल्या पालकांसाठी. रात्री आठ-साडेआठला लोकलमधून उतरणारे, वन रूम किचनमध्ये किंवा चाळीतल्या दोन खोल्यांत राहणारे आई-बाबा माझ्या डोळ्यासमोर आहेत. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. ती रोज मिळाली पाहिजेत, एवढंच.

पहिली पायरी: आवाज तुमचाच

पोटातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकू येत असतात. म्हणून तर जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. त्याच्या दृष्टीने जगातला सगळ्यात महत्त्वाचा गायक घरातच आहे. “मला गाता येत नाही हो” असं म्हणणाऱ्या आईला मी एवढंच सांगते की बाळ सूर तपासत नाही. ते तुमचा चेहरा बघतं, ओठ बघतं, तुमचं डुलणं त्याला कळतं. कणसूर आईचं गाणंसुद्धा त्याच्यासाठी मोबाइलवरच्या नामवंत गायिकेपेक्षा जवळचं असतं.

सुरुवात करायला वेगळा वेळ काढायची गरज नाही. जी कामं रोज करावीच लागतात त्यांना एकेक गाणं बांधून टाका: तेल लावताना एक, अंघोळीला एक, वरणभात भरवताना एक, झोपवताना एक. ते रोज तेच ठेवा. तुम्हाला कंटाळा येईल, मुलाला येणार नाही. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच त्याला मजा येते. शब्द आठवत नसतील तर त्याचं नाव घालून दोन ओळी स्वतः जुळवा: “सईचे पाय धुतले कुणी, धुतले कुणी, आईने”. चाल कुठलीही चालेल.

इथे आजी-आजोबांचा मोठा आधार आहे, आणि तो आपण फार कमी वापरतो. मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांची मुळं कोकणात, घाटावर, खानदेशात कुठेतरी आहेत. आजीला मालवणीतली अंगाई येत असेल, अहिराणीतल्या जात्यावरच्या ओव्या येत असतील. वरळी-वर्सोव्याच्या कोळीवाड्यात घर असेल तर लग्नात धवले गाणारी धवलारीण कदाचित नात्यातलीच निघेल. आजी गावाहून आली की तिला मुलाला मांडीवर घेऊन गायला सांगा आणि फोनवर आवाज टिपून ठेवा. मग मात्र ते रेकॉर्डिंग नुसतं लावून देऊ नका. त्यावरून ओळी तुम्ही शिका आणि तुम्हीच गा.

फोनचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. बालगीतांचे रंगीत व्हिडिओही यातच मोजायचे. दुसरी गोष्ट, ‘मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ या भरवशावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर पैसे घालवू नका. हा समज १९९३ च्या एका अमेरिकन प्रयोगातून पसरला. त्यात ऐकणारे कॉलेजचे विद्यार्थी होते, बाळं नव्हती, आणि दिसलेला फरकही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. मोझार्ट जरूर ऐकवा, तो सुंदर आहे म्हणून.

सुराबद्दल एक बारकावा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचा आवाज साधारण पाच-सहा स्वरांतच सहज फिरतो. घरी पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, हा सा धरा, तिथून पंचमापर्यंत बहुतेक मुलांना झेपतं. बाबांचा आवाज मुलाच्या आवाजाच्या बराच खाली असतो, त्यामुळे मूल त्यांच्याबरोबर गाताना गोंधळतं. बाबांनी हलका, वरचा आवाज लावून बघावा. मूल बेसूर गायलं तर दुरुस्त करू नका. तीच ओळ तुम्ही पुन्हा आनंदाने गा, बस. या वयात सूर ऐकून ऐकून जागेवर येतो, टोकून नाही.

आणि एक काळजीचं. सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल, तर “हळूहळू होईल” म्हणत थांबू नका. कान तपासून घ्या. बालरोगतज्ज्ञ पुढचा रस्ता सांगतील. वांद्रे पश्चिमेला अली यावर जंग ही याच विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. लवकर कळलं तर खूप काही करता येतं.

दुसरी पायरी: अंगावरचे खेळ

आपडी थापडी, तळहातावर मोर बसवायचा खेळ, करंगळीपासून एकेक बोट मोजत जायचा खेळ. हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत आणि संगीताचा पहिला धडा त्यांतच आहे. लय थेट मुलाच्या तळहातावर पडते. पाय लांब करून त्यावर मूल बसवा आणि गाण्याच्या ठेक्यावर गुडघे वरखाली करा. ते बोलायला लागायच्या कितीतरी आधी ठेका त्याच्या अंगात भिनतो.

यातली खरी गंमत थांबण्यात आहे. शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि मुलाकडे बघा. सहा-सात महिन्यांचं बाळ श्वास रोखून वाट बघतं, वर्षा-दीड वर्षाचं मूल हात पुढे करतं, दोन वर्षांचं स्वतः तो शब्द म्हणतं. घाई करू नका, त्याला तो शब्द शोधायला वेळ द्या. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणं म्हणजे काय, ते पुढे तबला शिकणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. तुमच्या मुलाला ते मांडीवर बसूनच कळलेलं असेल.

तिसरी पायरी: वाद्यं स्वयंपाकघरातली

स्टीलचा डबा, पितळी पातेलं, लाटणं, लाकडी उलथणं, झाऱ्या. हे सगळं सतरंजीवर मांडा. सतरंजी खालच्या मजल्यासाठी आहे. ढणढणाटाची वेळ संध्याकाळी जेवणाआधीची ठेवा, रात्रीची नको. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं तर तेही समजून घेतात, आणि चाळीत असाल तर त्यांची मुलंही येऊन बसतील, ते उत्तमच.

आधी मुलाला हवं तसं वाजवू द्या. मग तुम्ही त्याची नक्कल करा: त्याने दोनदा मारलं की तुम्ही दोनदा. त्याला हे लगेच लक्षात येतं आणि ते मुद्दाम वेगळं वाजवून तुमच्याकडे बघतं. इथे सवाल-जवाब सुरू झाला! पालक बहुतेक वेळा उलट करतात, “मी वाजवते तसं वाजव” म्हणतात. पुढारी मूल असू द्या.

खुळखुळा घरी करा. छोट्या प्लास्टिक बाटल्यांत वेगवेगळं भरा: एकीत तांदूळ, दुसरीत राजमा, तिसरीत रवा. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाने दाणा तोंडात वा नाकात घातला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ही पट्टी रोज तपासा. मग डोळे मिटून ओळखायचं, कुठली बाटली वाजली? रवा आणि तांदूळ यांतला फरक चार वर्षांची मुलं बरोब्बर सांगतात.

पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी जलतरंग. चिनी मातीचे सारख्या आकाराचे चार-पाच बाऊल घ्या, कमी-जास्त पाणी घाला आणि लाकडी चमच्याने कडेवर हलकेच वाजवा. पाणी जितकं जास्त तितका स्वर खाली जातो. हे तुम्ही सांगू नका, मुलालाच शोधू द्या. वाटीने पाणी घालत, काढत, एखादी ओळखीची चाल जुळवायचा प्रयत्न करण्यात रविवारची अख्खी दुपार जाते.

विकत घ्यायचं असेल तर थोडंच घ्या, पण खरं घ्या. बॅटरीवरची प्लास्टिकची कीबोर्डं बऱ्याचदा सुरात नसतात आणि एक बटण दाबलं की गाणं आपोआप वाजतं, मग मुलाला करायला काही उरत नाही. त्यापेक्षा भुलेश्वरला किंवा दादरला पूजेच्या सामानाच्या दुकानातून छोटे पितळी टाळ आणा. खंजिरी चांगली. गणपतीच्या आधी गळ्यात ढोलक्या अडकवून वाजवत फिरणारे विक्रेते रस्त्यात भेटतात, त्यांच्याकडे लहान मुलांच्या मापाची ढोलकी मिळते. वाजवून बघूनच घ्या. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने चामडं सैल पडतं आणि आवाज उतरतो, तेव्हा ढोलकी बिघडली असं समजू नका. कापडी पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा, खिडकीजवळ नको.

चौथी पायरी: ठेका पायात

मूल चालायला लागलं की जिना हेच वाद्य. चाळीचा लाकडी जिना तर अप्रतिम, पण टॉवरच्या लिफ्टसमोरची फरशीसुद्धा चालते. उतरताना पायरीगणिक एक बोल: धा धी ना, धा तू ना. हा दादरा, सहा मात्रांचा. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी न. ताल शिकवतोय असा आव आणू नका. हे बोल तोंडात फार मजेशीर लागतात, मुलं ते दिवसभर बडबडत राहतात. मग एखाद्या दिवशी हत्तीसारखं विलंबित चाला, एखाद्या दिवशी स्टेशन गाठायचं असल्यासारखं द्रुत. मध्येच “थांब!” म्हणून पुतळा व्हायचं. हळू-जलद, लहान-मोठा आवाज, गाणं-शांतता, एवढ्या तीन जोड्यांवर वर्षभर खेळता येतं.

लहान मुलाची आपली गती आपल्यापेक्षा जलद असते. तुम्ही सावकाश टाळ्या वाजवाल आणि ते पुढे धावेल. ते ‘चुकत’ नाही, त्याच्या अंगाला ती संथ लय अजून झेपत नाही. सुरुवातीला तुम्ही त्याच्या गतीला जा, मग हळूच दोघं मिळून कमी करा. बहुतेक मुलांना ठेका सलग धरून ठेवणं चार वर्षांच्या आसपास जमू लागतं, काहींना पाच-साडेपाचला. शेजारच्या आर्यनला जमतं म्हणून आपल्या मुलीला जमलंच पाहिजे असं नाही.

२००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना ढोल दिले आणि कधी समोर बसलेल्या माणसाबरोबर, कधी यंत्राबरोबर, कधी नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर वाजवायला सांगितलं. मुलांनी माणसाबरोबर ठेका सगळ्यात चांगला धरला, अगदी अडीच वर्षांच्यांनीसुद्धा. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण वर्गात रोज हेच दिसतं. स्पीकरवर गाणं लावलं की निम्मी मुलं इकडे-तिकडे बघतात. मी खाली बसून टाळ्या धरल्या की वर्तुळ आपोआप जमतं. मुलांना आपल्याबरोबर वाजवायचं असतं. दमून आलेल्या बाबांनी सोफ्यावर बसून “वाजव बाळा” म्हणण्यापेक्षा पाच मिनिटं जमिनीवर येऊन बसावं.

पाचवी पायरी: शहर ऐका

मुंबईत शांतता नाही ही तक्रार खरी आहे, पण कानाच्या खेळाला हे शहर सोन्यासारखं आहे. रात्री दिवा मालवल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून पडा आणि काय काय ऐकू येतं ते आळीपाळीने सांगा: पंखा, शेजारचा कुकर, लांबची लोकल, कुत्रा, पत्र्यावरचा पाऊस. सकाळी पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, भाजीवालीची हाक, देवळातली घंटा, अजान, कोकिळेचं चढत जाणारं कूजन. कोकिळेच्या मागे मागे वर चढत गाऊन बघा, वरचा सूर लावायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. फेरीवाल्यांच्या हाकांची नक्कल तर मुलं आपणहून करतात. तीच हाक बारीक आवाजात, जाड आवाजात, कुजबुजत म्हणायला सांगा.

लोकलमध्ये भजनी मंडळाचा डबा मिळाला तर पुढच्या स्टेशनला डबा बदलू नका. टाळ कुठे पडतो ते मुलाच्या हातावर दाखवा.

सहावी पायरी: सण

गणपतीत घरोघरी आरतीला टाळ, झांजा निघतात, आणि नेमकं तेव्हा लहान मुलाला “तू हात जोडून उभा राहा” म्हणतात. त्याच्या हातात टाळ द्या. बेताल वाजवेल, वाजवू द्या, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत तो आपोआप सगळ्यांच्या बरोबर येतो. नवरात्रात सोसायटीत भोंडला होत नसेल तर तुम्ही सुरू करा. पाटावर हत्ती काढा, भोवती फेर धरा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. गाणं, चाल आणि वर्तुळातली माणसं एकत्र येतात असा याहून चांगला खेळ कुणी मुद्दाम बसूनही रचू शकणार नाही. मुलग्यांनाही फेरात घ्या.

ढोल-ताशाबद्दल मात्र सावध राहा. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत किंवा विसर्जनाला तान्ह्या बाळांना पथकाच्या अगदी पुढ्यात धरलेलं दिसतं, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मुलांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल आहे. पथकाजवळचा आवाज याच्या कितीतरी वर जातो आणि आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. लांबून, गॅलरीतून दाखवा. जवळ जायचंच असेल तर मुलांच्या मापाचे कान झाकणारे हेडफोनसारखे मफ मिळतात, ते घाला. कानाला झालेली इजा भरून येत नाही.

सातवी पायरी: माणसं गाताना दाखवा

देवळातलं कीर्तन, सोसायटीतल्या बायकांचं भजन, शेजारच्या दादाचा तबल्याचा रियाज. यासाठी तिकीट लागत नाही, आणि मूल उठून फिरलं तरी कुणी रागावत नाही. पाच वर्षांनंतर नाट्यगृहात न्या. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्यं लागतात, त्यांत भरपूर गाणी असतात. पुढे एखाद्या थंडीत पार्ल्याला, दादरला किंवा नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला मैफल. कडेची खुर्ची घ्या आणि मध्यंतराला निघून या. मूल अर्धा तास रमलं तर कार्यक्रम सार्थकी लागला.

एक गोष्ट करू नका

घरी पाहुणे आले की “काकांना गाणं म्हणून दाखव” हे बंद करा. मला हे कळकळीने सांगायचं आहे, कारण वर्गात येणाऱ्या गप्प मुलांपैकी कितीतरी जणांच्या मागे हीच गोष्ट असते. जे मूल काल खेळताना मोकळं गात होतं, त्याला उभं करून, फोन समोर धरून गायला लावलं की ते आईच्या ओढणीत तोंड लपवतं. मग “घरी तर किती छान म्हणतो!” असा शेरा येतो. त्याने गाणं कुणाला दाखवण्यासाठी म्हटलेलंच नव्हतं. पाहुण्यांना गाणं हवंच असेल तर त्यांना सतरंजीवर बसवा आणि सगळ्यांनी मिळून गा. मुलाला वाटलं तर ते येईल.

आठवी पायरी: आता क्लास

मूल स्वतः विचारायला लागलं, एखाद्या वाद्यापाशी पुन्हा पुन्हा जायला लागलं आणि पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसू लागलं की क्लास शोधा. बहुतेकांच्या बाबतीत हे सहा ते आठच्या दरम्यान होतं. आधी मुलासह एक तास बसून बघू द्या असं गुरुजींना किंवा बाईंना विचारा. त्या तासात मुलं किती वेळ गातात आणि किती वेळ नुसती वहीत बोल उतरवतात, ते बघा. चूक झाल्यावर बाई काय करतात, तेही बघा. घराजवळचा साधा क्लास हा दोन गाड्या बदलून गाठायच्या नामवंत क्लासपेक्षा बरा.

मुंबईतले बरेच क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतलं हे मंडळ, १९३१ पासूनचं. प्रारंभिक, प्रवेशिका असं करत विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत जाता येतं. अभ्यासाला शिस्त लागते, हे खरं. पण पहिली दोन वर्षं परीक्षेचं नाव काढू नका, आणि प्रारंभिकला कुणी पहिला आला म्हणून त्याची दुसऱ्याशी तुलना तर मुळीच नको.

क्लास सुरू झाला तरी घरची दहा मिनिटं चालू ठेवा. परत आल्यावर “आज काय शिकलीस, म्हणून दाखव” असं विचारू नका. “मला शिकव ना” म्हणा आणि खरोखर शिका. तिने सांगितलेला सरगमचा अलंकार (परीक्षा नव्हे, सुरांची ठरलेली रचना) तुमच्याकडून चुकला की ती तुम्हाला थांबवून पुन्हा म्हणायला लावेल. दोन-तीन महिने गेले तरी जायला रडत असेल, तर क्लास सोडा आणि वर्षभराने पुन्हा विचारा. मधल्या काळात डबे आणि टाळ आहेतच.